चांगलं बोलायचं नाय

मंगळवार, पालघर. दिवेलागण.

आज सातपाटीच्या बाजारात माझी जीभ कधी नव्हे ती गोड झाली, आणि तीच नडली.

आमची नेहमीची कोळीण रखमाबाई पापलेट कापता कापता समुद्रावर गेलेल्या नवऱ्याचा उद्धार करत होती. "हेकट मेला, तिरसट, घुम्या!" शेजारणीही आपापल्या नवऱ्यांना असंच काहीबाही म्हणत होत्या. मी म्हटलं, "असं काय बोलता? शांत, मायाळू माणूस आहे तो."

तिचा कोयता थांबला. अख्खी रांग माझ्याकडे वळली.

"भाऊ, समुद्रात असलेल्याला आमी चांगलं बोलत नाय. चांगलं बोलतात ते गेलेल्याला. परत घ्या."

मी हसलो. ती हसली नाही. "घ्या ना भाऊ. त्याची बोट अजून लागली नाय."

लेखांतून लोकांच्या वागण्याला बोचरी विशेषणं चिकटवून आयुष्यभर पोट भरलं. खत्रूड, तोरेबाज, चढेल, कावेबाज. आणि तिथे एकही सुचेना. शांत, मायाळू, तोंडात एवढंच. पिशवी उचलून निघालो तर मागे सगळ्या जणी समुद्राकडे तोंड करून त्याला मोठमोठ्याने शिव्या घालू लागल्या.

बोट लागली असेल का एव्हाना?

घरी आलो. एरवी "आले खवचट" म्हणून दार उघडणारी बायको बघतच राहिली.

"किती शांत दिसताय हो आज," ती म्हणाली. "तसे मायाळूच आहात तुम्ही."

मी म्हटलं, परत घे.

ती हसली.