चौकटीवरचं खडूचं अक्षर

पप्पा,

चर्चमध्ये मिस्साच्या गाण्यांची तालीम आहे, म्हणून पुढे गेले. थर्मासमधल्या चहात साखर आहे, पुन्हा घालू नका.

काल मी दाराच्या चौकटीवरचं खडूचं लिखाण पुसायला गेले आणि तुम्ही फडकं हिसकावलंत. मलाही राग आला. तीन राजांच्या सणाला दर वर्षी जुनं पुसून राजांची आद्याक्षरं आणि नवं साल लिहितो, एवढंच डोक्यात होतं. ते मम्मींच्या हातचं शेवटचं अक्षर, हे ध्यानातच आलं नाही. चुकलं माझं.

फादर म्हणाले, "चौकट काय कमी रुंद आहे? बाजूला लिहा." आशीर्वादाचा खडू मी आणते. लिहायचं तुम्ही. फक्त एकटे चढू नका, स्टूल डगमगतं. गेल्या वर्षी मम्मी चढल्या तेव्हा तुम्ही धरलं होतंत. यंदा मी धरते.

सूनबाई