सत्तेचाळीस अंशांचा ढीग

मंगळवार, ६ जानेवारी
वेदांगने आज रिपोर्टच्या कागदावरचा माझा आकडा खोडला. माझ्यासमोर! नरसाळ्यातून पूड सोडायची, खाली जमलेल्या ढिगाचा उतार मोजायचा — उतार जितका उभा, तितकी पूड अडखळणारी. तीनदा मोजला. सत्तेचाळीस अंश. म्हणजे यंत्रात ही नीट उतरणार नाही. एक गोळी भरलेली, दुसरी अर्धी. थॅलेसेमियाच्या लहान मुलांना द्यायच्या गोळ्या!

तो सीनियर. नरसाळ्याला टिचक्या मारल्या, टेबलावर थाप दिली. ढीग बसला. "चौतीस. हात लागतो यार, कॉलेजात शिकवत नाहीत हे." मग सगळ्या लॅबसमोर — "घरातली पहिली ग्रॅज्युएट ना? होतं असं."

ते मीच त्याला सांगितलं होतं. अभिमानाने.

बुधवार, ७ जानेवारी
रिपोर्ट गेला. चौतीस, खाली त्याची सही. माझ्या वहीत सत्तेचाळीस तसाच आहे. राहू दे.

शुक्रवार, ९ जानेवारी
इथे आखातात शुक्रवारी अर्धा दिवस, म्हणून मुहैस्नाहच्या कामगार वस्तीत अब्बांकडे गेले. ते कामगारांची बस चालवतात, तिथल्याच खोलीत राहतात. बसमधल्या माणसांना म्हणाले, "ही आमची अजरा. हिने पास केल्याबिगर दवा पुढं जात नाही!" मग हळूच, "काय गो, तोंड का उतरलंय?"

"काही नाही, अब्बा."

पुढच्या गुरुवारी यंत्रावर गोळ्यांची ट्रायल. हेड मृणालिनी मॅडम स्वतः उभ्या राहणार. पूड अडकू दे. सगळ्यांसमोर अडकू दे!

सोमवार, १२ जानेवारी
मॅडमनी जाता जाता विचारलं, "अजरा, पावडर ठीक आहे ना?"
म्हटलं, "वेदांगने बघितलंय, मॅडम."
खोटं बोलले नाही. एक शब्दही नाही.

गुरुवार, १५ जानेवारी
अडकली!! यंत्राच्या वरच्या डब्यात पूड कमान धरून बसली. ऑपरेटर अन्वरभाई रबरी हातोडीने ठोकून ठोकून थकले — "खलास मॅडम, ये नहीं उतरेगा." पडल्या त्या गोळ्या हलक्या-जड. बाद. मॅडम गरजल्या, "हे चौतीस आहे?"
"मॅडम, ॲक्चुअली —"
त्या 'ॲक्चुअली'वर मी घरी येईपर्यंत हसले. निघताना वही मॅडमच्या टेबलावर ठेवली, पान उघडून. किती दिवसांनी पोटभर जेवले!

शुक्रवार, १६ जानेवारी
वेदांगला काढलं. प्रोजेक्टही बंद झाला. हे औषध सहा किलोच बनलं होतं, आठ महिने लागले होते. मला वाटलं, अर्धं मागे ठेवतील. "आकडा चांगला होता, म्हणून सगळं घातलं," मॅडम म्हणाल्या. पुन्हा बनवायला कोणी तयार नाही.

वही त्यांच्या हातात होती. "बरोबर मोजलंस." मग, "कधी मोजलंस?"

तारीख पानावरच होती. तरी त्यांनी विचारलं.