पुढच्या बैठकीचा पट्टा

४ सप्टेंबर १९३३, सोमवार. बेलाडुरी

पोहोचले एकदाची! दोन दिवस आगगाडी, मग चाळीस मैल ट्रकमध्ये लोकरीच्या गाठींवर बसून. केसांत इतकी लाल माती की कंगव्याचे दात मोडले. पण हँगरचं पत्र्याचं दार सरकलं, आत ते पिवळं विमान दिसलं आणि सगळा शीण पळाला. नेस्टा कॅलोवे, वय चोवीस, उंची पाच फूट एक इंच, आजपासून टपालाची वैमानिक!

पगार नाही. मालक ट्रेलोअर म्हणाला, पगार मागायला तू काय घरदार चालवतेस? उड्डाणाचे तास मिळतील. शंभर तास भरले आणि त्याने तासांच्या वहीत सही केली की मला धंदेवाईक परवाना मिळेल, मग देशभर कुठेही नोकरी. माझे अडतीस कमी आहेत. तेवढ्यासाठी मी त्याचे बूटसुद्धा पुसले असते. हे त्याला अर्थातच सांगितलं नाही.

राहायला पोस्टवाल्या मिसेस क्विल्टीकडे. तिने मटण वाढलं आणि न मागता एक उशी आणून दिली, विमानात पाठीशी घ्यायला. मधोमध दबलेली, एका कडेला टाके घातलेली. आधीच्या मुलीची आहे, म्हणाली, तीही तुझ्याएवढीच होती गं, बुटकी.

६ सप्टेंबर, बुधवार

पहिली फेरी. सहा मेंढवाड्यांवर टपाल, वर्तमानपत्रं, औषधं. दुरुस्तीचं सगळं लॅकी ड्युरंटच्या हाती. साठीचा, तंबाखूने दात पिवळे, बोलणं कमी. त्याने मला इथला नेम शिकवला. मी मागे बसून चालवते, पुढची बैठक रिकामी. तर त्या रिकाम्या बैठकीचा पट्टा रोज आवळून बांधायचा, शेवटच्या भोकापर्यंत. विमान वरखाली करायचा पुढचा दांडा माझ्या दांड्याला जोडलेला. पट्टा मोकळा राहिला आणि त्यात गुंतला, तर माझा दांडा हलणार नाही. त्याने माझ्याकडून तीनदा बांधून घेतला. मी म्हटलं, लॅकी, हवेला कसली झबली-टोपडी घालतोस? तो हसला नाही.

आधीची मुलगी म्हणजे थोरा मॅडिगन. मार्चमध्ये ती पुढचा पट्टा बांधायला विसरली, विमान कोसळलं आणि ती गेली. चौकशीत तसंच लिहिलंय. वर्तमानपत्राने त्याला बायकी विसराळूपणा म्हटलं. याच थोराने एकटीने चार दिवसांत डार्विन गाठलं होतं! हॉटेलात त्या दिवसाचा फोटो टांगलाय. मधोमध ट्रेलोअर छाती काढून उभा, आणि चौकटीच्या कडेला थोराचं कोपर.

११ सप्टेंबर, सोमवार

हॅनरहनच्या मेंढवाड्यावर उतरले तर लोकर कातरणारे विचारू लागले, वैमानिक कुठंय? मीच, म्हटल्यावर एक जण म्हणाला, उद्यापासून कोंबड्या येतील वाटतं लोकर कातरायला. सगळे खो खो हसले. मी त्यांची पत्रं मुद्दाम सावकाश वाटली.

नोंद करण्यासारखी गोष्ट निराळीच. परत निघताना पाहिलं तर पुढचा पट्टा चौथ्या भोकावर होता. मी सातव्यावर, म्हणजे शेवटच्यावर, बांधला होता. लॅकीची चेष्टा म्हणावी, तर लॅकी ऐंशी मैल मागे.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

सिडनीहून वार्ताहर आला. वाळूच्या वादळात वाट कशी काढली ते मी सांगत होते, त्याने विचारलं, हवेत पावडर टिकते का? फोटोत ट्रेलोअरने पंख्यावर हात ठेवला. मला जरा बाजूला सरकायला सांगितलं. मी सरकले. त्याचाच राग जास्त येतोय.

आणखी एक. पुढच्या-मागच्या बैठकींत बोलायला रबरी नळी आहे, तिचं टोक माझ्या टोपीत कानाशी. एकटी असताना त्यात नुसता वारा वाजतो. आज वारा नव्हता. कुणीतरी श्वास घेत होतं. चढताना धापा टाकल्यासारखा, उतरताना शांत. माझाच असेल म्हणून मी श्वास रोखून पाहिला.

तो चालूच राहिला.

१८ सप्टेंबर, सोमवार

आज शब्द आले. बाईचा आवाज, अगदी साधा, चहा झाला का विचारावं तसा. बांधला होता. एवढंच. हॅनरहनपर्यंत अकरा वेळा. उतरल्यावर पुढे वाकून पाहिलं. पट्टा चौथ्या भोकावर, आणि सपाट पडलेला नाही. पुढे फुगलेला, ताणलेला, आत कुणाची कंबर असावी तसा. मी हात घातला. आत काही नाही. गार होतं फक्त.

ट्रेलोअरला सांगितलं ही माझी चूक. त्याने हॉटेलात चारचौघांत मिटक्या मारत सांगितलं, बाईमाणसाला वर पाठवलं की भुतं फुकट. मग मला बाजूला घेऊन, हसू आवरून म्हणाला की पुन्हा हा विषय काढलास तर वहीत घाबरट असं लिहीन, मग बघतो कोण परवाना देतं ते.

एकोणीस तास उरलेत.

२० सप्टेंबर, बुधवार

सातव्या भोकावर बांधला. उतरले, चौथं.
तिची कंबर माझ्यापेक्षा जाड असावी. कसले विचार करतेय मी.
ती रडत नाही, धमकावत नाही. नुसतं सांगते. कुणीतरी लिहून घ्यावं म्हणून सांगावं तसं.
टोपी काढून विमान उडवलं तरी ऐकू येतं.

२३ सप्टेंबर, शनिवार

लॅकी बोलला. मी फक्त विचारलं होतं की थोरा कितव्या भोकाचा पट्टा लावायची. त्याच्या हातातला पाना पडला. चौथ्या, म्हणाला. प्रवासी म्हणून पुढे बसली की चौथ्या.

मग सगळंच ओकला. ट्रेलोअरला आणि त्याला थोरा सापडली तेव्हा पुढचा पट्टा बांधलेला होता. शेवटच्या भोकावर, नीट, आवळून. तुटली होती ती दांड्यापासून शेपटाकडे जाणारी तार. झिजलेली तार, थोराने तीनदा सांगितलं होतं, ट्रेलोअर म्हणाला होता, बायकांना जिकडेतिकडे धागे दिसतात. सरकारी माणूस यायच्या आत ट्रेलोअरने लॅकीला बक्कल उघडायला लावलं. लॅकीने उघडलं. या वयात दुसरं काम कुठून मिळणार होतं मला, म्हणाला.

आणि माझं पिवळं विमान तेच आहे. सांगाडा तोच, कापड नवं.

म्हाताऱ्याला मारावंसं वाटलं. मारलं नाही. कागदावर लिहून घेतलं, सही घेतली. सोमवारी टपालाबरोबर हा कागदही पुढे डबो शहरात नेणार, तिथे सरकारी निरीक्षक आहे. विमानच पुरावा आहे, तेही त्याच्या दारात उभं करीन.

२४ सप्टेंबर, रविवार

लॅकीने शेपटाची तार बदलली. मी कापडाची चिंधी तिच्यावरून ओढून पाहिली. झिजलेली असती तर चिंधी अडकली असती. गुळगुळीत. मागचा हातभर भाग कापडाखाली शिवलेला, तिथे हात पोहोचेना. तोही बदलला, म्हणाला. शिवण उसवून दाखव म्हणणं म्हणजे इथे दुरुस्तीवाल्याच्या तोंडात मारणं. मी विश्वास ठेवला.

तो माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हता. लाज वाटत असेल.

२५ सप्टेंबर, सोमवार

सकाळी लॅकी आलाच नाही. चाकांना दगड लावून पंखा मीच फिरवला. पुढचा पट्टा बांधला. सातवं भोक. बघायला कुणी नव्हतं.

आता हवेत. वही मांडीवर, पेन्सिल. दोन हजार फूट.

नळी गप्प आहे. पहिल्यांदाच.

खाली रस्त्यावर धुरळा. मोटार. ट्रेलोअरची हिरवी मोटार, माझ्या पुढे, माझ्याच वाटेने. त्या रस्त्यावर हॅनरहनशिवाय काही नाही. ट्रेलोअर तर सोमवारी दुपारपर्यंत उठत नाही.

दोन टोप्या. दुसरी लॅकीची.

थांबली. दोघं उतरून वर बघतायत. वाट बघतायत —

दांडा सैल लागतोय. ओढला की थोडं उशिरा — मागे टक् असा आवाज. एकेक धागा —

पुन्हा टक्

नाक खाली जातंय, वर येत नाही. जपून, सावकाश — नाही —

तिचा आवाज आला. नळीतून नाही, अगदी जवळून. लिही, म्हणतेय. ते आधी पोचतील, लिही

पट्टा इथून दिसतोय मला. बांधलेला आहे. बक्कल बंद आहे. त्यांना उघडा सापडला असं म्हणतील — खोटं —

पुढचा पट्टा मी बांध