फोटोतला हार

प्रिय रुचिका,

आधी हेच सांगते, आई जिवंत आहे. परळच्या हॉस्पिटलमध्ये खिडकीजवळच्या खाटेवर आहे आणि हट्टाला पेटली आहे.

आपल्या शाळेच्या ग्रुपवर मी तिचा फोटो टाकला तो पंचाहत्तरीचा होता. चाळीतल्या बायकांनी तिला झेंडूचा हार घातला होता. खाली मी लिहिलं होतं की हृदयाचं ऑपरेशन ठरलंय, सगळ्यांनी तिच्यासाठी देवाकडे मागा. हार तिच्या गळ्यात होता गं, फोटोला नव्हता. पण सर्वांत आधी तूच लिहिलंस, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि पुढे जोडलेले हात. तुझं बघून बाकीच्यांनीही रांग लावली. मी लगेच खुलासा टाकला, तुला फोनही केला. ‘कामात आहे, नंतर बोलू’ असा तयार निरोप आला. खुलासा तू अजून वाचलेला नाहीस, मला इथे दिसतं.

चिडले आहे तुझ्यावर, लपवत नाही. गेल्या गणपतीत भेटलीस तेव्हा कौतुकाने सांगत होतीस, तुझ्या मासळीच्या रेसिपींमुळे फेसबुकवर पाच हजार मित्र झाले, आता जागाच उरली नाही, नवा घ्यायचा तर जुना काढावा लागतो. मी हसले आणि घरी येऊन गुपचूप पाहिलं, मी आहे का. होते. तेवढ्यावर खूश झाले, काय मूर्ख बघ. पाच हजारांचे वाढदिवस, बारशी, मर्तिकं. एवढ्यांना पुरायचं तर प्रत्येकाच्या वाट्याला जोडलेले हातच येणार, हे समजतं मला. पण माझी आई, तुझी शांतामावशी, त्या पाच हजारांतली होती का?

तुझी आई पहाटेच मासळी आणायला धक्क्यावर जायची. मग तू कोळीवाड्यातून वेणी न घालताच आमच्या वरळीच्या चाळीत यायचीस. आई आधी तुझे केस विंचरायची, मग माझे. मी कुरकुरले की म्हणायची, तिचे दाट आहेत, वेळ लागतो.

आईला मी यातलं काही कळू देणार नव्हते. आपल्या ग्रुपमधली शेजारची सीमा भेटायला आली आणि तिने हसत हसत मोबाइल पुढे धरला, काकी, आता तुमचं आयुष्य वाढलं म्हणून. आईही हसली. मग तिने चष्मा मागितला, तुझं नाव वाचलं आणि मोबाइल परत केला. दोन दिवसांनी एवढंच बोलली, “मी मेलंय असा तिका वाटला, तरी ती इली नाय?”

तेव्हापासून ती ऑपरेशनला नाही म्हणते आहे. डॉक्टर म्हणतात, शुक्रवारच्या पुढे थांबण्यात धोका आहे. मी समजावलं, रडले, भांडलेसुद्धा. मला फार भीती वाटते आहे, रुचिका. काल दुपारी ती उशाखाली काहीतरी चाचपत होती. कंगवा हवा होता. कोणाचे केस विंचरायचे आहेत विचारलं, तर तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

म्हणून हे पत्र तुझ्या बिल्डिंगच्या वॉचमनच्या हातात देते आहे. फोनवर पाठवलं असतं तर त्यालाही एक अंगठा आला असता. उत्तर लिहू नकोस, माफीही मागू नकोस. उद्या ये. आणि येताना वेणी घालू नकोस.

तुझीच,
दर्शना