बैठकीच्या खोलीतला सायकलपटू

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे निम्माच घातला आहे, उरलेला भेटीत पुरा करीन.) तुमचे गुडघे काय म्हणतात? मामींचा खोकला एव्हाना गेला असेल. इकडे आम्ही मजेत, आणि मी तर फारच.

कारण मी सायकलपटू झालो आहे, तोही घरबसल्या. एक लोखंडी स्टँड मिळतो, त्यात मागचं चाक अडकवायचं आणि पेडल मारत राहायचं. समोर पडद्यावर रस्ता पळतो, चढ आला की पेडल आपोआप जड होतं, आणि आपण असतो सोफा आणि वाळत घातलेल्या चादरी यांच्या मधे. पहिल्याच दिवशी खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर वर आले. माझ्या चाकाची घरघर ऐकून त्यांचे पेशंट यंत्र तोंडात जायच्या आधीच ओरडायला लागतात म्हणे. (मी वेळ बदलली. शेजारधर्म आहे.) मग घामासाठी मोठा पंखा लावला, तर तुमच्या सूनबाई तपासत बसल्या होत्या त्या उत्तरपत्रिका खोलीभर उडाल्या. त्या शाळेत शिकवतात, त्यामुळे मला विद्यार्थ्यासारखंच बोलल्या. एकदा पडद्यावर घाटाचं वळण आलं, मी झोकात अंग झुकवलं आणि स्टँडसकट सोफ्यावर आडवा झालो.

पण त्याने डगमगणारा मी नव्हे. माझ्या वेगाचे आकडे ऑफिसात दाखवले तेव्हा आमच्या साहेबांनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचले. हे साहेब आजवर मला मीटिंगमध्ये, जेवणाच्या रांगेत, अगदी जिन्यातही मागे टाकत आले आहेत. येत्या रविवारी ऑफिसची मंडळी सायकलने तळ्यापर्यंत जाणार आहेत आणि सगळ्यांत पुढे मी असेन, असं मी सर्वांसमोर सांगून बसलो आहे. आता माघार घेतली तर रिटायर होईपर्यंत टोमणे खावे लागतील. पण माघारीचा प्रश्नच नाही. पायांत ताकद आहे, छातीत दम आहे.

थोरांना नमस्कार सांगावा, लहानांना माझा वेग सांगावा.

तुमचा भाचा

ता. क. शुक्रवारपर्यंत इकडे येता का? सहजच.

पुन्हा ता. क. सहज नाही. मामा, मला सायकल येत नाही. एक वळण सोडलं तर स्टँडवर ती पडत नाही, त्यामुळे इतके दिवस हा विषय निघाला नाही. सुट्टीत तुम्ही सगळ्या भाचरांना शिकवलंत तेव्हा मी कडेला बसून त्यांच्या चपला सांभाळत होतो. तुम्ही "धरलंय, धरलंय" म्हणत हळूच सीट सोडून देता, हे तिथून स्वच्छ दिसायचं. म्हणून मी माझी पाळी कधी येऊच दिली नाही. या वेळी मात्र खरंच धरा. तळं जरा लांब आहे. वर गुडघ्यांची चौकशी केली ती त्यासाठीच.