झांजा कुठे गेल्या

७ सप्टेंबर, शनिवार

आणि वर चेदा म्हणतो, "बरोबर आहे तुझं, रात्का." कसलं डोंबलाचं बरोबर! मागच्या महिन्यात मी हेच बोलले, त्याच्या आधी हेच. तळघरातले ते स्पीकर ओल लागून मेलेत. लावलेला प्रत्येक ट्रॅक गोधडीखालून आल्यासारखा येतो. ठेका येतो, खर्ज येतो, वरच्या बारीक झांजा कुठेच नाहीत! तिघांच्या तोंडावर सांगितलं. चेदा मान डोलावतो. तियाना नखं बघते. रेल्या म्हणतो, "हो मावशी, वाढवतो झांजा." पूर्वी हाच रेल्या माझ्याशी तासन् तास हुज्जत घालायचा. डोळे लाल व्हायचे त्याचे.

नियम कुणी केला? चेदानेच ना! महिन्याच्या पहिल्या शनिवारी चौघांनी या तळघरात जमायचं, घरी कॉम्प्युटरवर बनवलेलं संगीत घेऊन यायचं. ज्याचा ट्रॅक त्याने तोंड मिटून बसायचं. बाकीच्यांनी एक ठेवायची गोष्ट सांगायची, एक बदलायची. "छान" म्हणायला बंदी, "भिकार" म्हणायला बंदी. कुठे बिघडलं आणि काय केलं तर सुधारेल, तेवढंच बोलायचं.

आज माझा नवा लावला. तियाना म्हणते, "सगळंच ठेवा." आणि बदलायचं काय? "काही नाही, मावशी." काही नाही! नवरी कशी दिसते विचारल्यावर सांगतात तसं!

८ सप्टेंबर, रविवार

अजून राग गेला नाही. मिरच्या आणायच्या राहिल्या.

१९ सप्टेंबर, गुरुवार

शिवणखान्यात आज दिवसभर पँटचे खिसे. मशीन हलकं चालतं, आमच्या मागांपुढे म्हणजे खेळणंच. कापडाच्या गिरणीत होते तेव्हा धोटा असा आपटायचा की छातीत बसायचा. कानात कापूस कोंबून उभ्या राहायचो आम्ही बायका, आणि ओठ बघून बोलायचो. गिरणी बंद झाली आणि रात्री झोप येईना. शांतता चावायची. मग चेदाने त्याचा जुना कॉम्प्युटर दिला, म्हणाला, "तुझे माग यात परत चालू कर." केले! ‘तिसरी पाळी’ हा माझा ट्रॅक तेव्हाच झाला.

रेल्याचा नवा ट्रॅक आला. सगळ्यांना आधी घरी पाठवायचा, असा रिवाज आहे. हेडफोन लावून ऐकला. वा! झांजा कशा तापल्या तव्यावर मीठ टाकल्यासारख्या तडतडतात. म्हणजे माझं ऐकलं की पोरगं सुधारतं. रेल्या दातांच्या कवळ्या बनवतो, त्याचं संगीतही तसंच असायचं, पांढरं, एकसारखं, कुणाच्याही तोंडात बसेल असं. वसंतापासून त्यात जीव येत चाललाय.

पण मधला भाग फार लांबलाय. पहिल्या शनिवारी बोलणार.

२८ सप्टेंबर, शनिवार

झागोर्का आली होती, माझी भावजय. अंगणात शेगडीवर मिरच्या भाजल्या, सोलल्या, हात अजून लाल आहेत. यंदा त्यांची चटणी, आयवार, जरा तिखट होणार. सोलताना तिला रेल्याचा ट्रॅक ऐकवला. तिने मिरचीचे हात तसेच कानावर दाबले. "बंद करा हो वन्सं! दात शिवशिवले माझे!"

म्हटलं, "तुला काय कळतंय? तुझे कान कोंबड्यांचे."

"कोंबड्यासुद्धा पळाल्या बघा," म्हणाली. आणि खरंच सगळ्या कुंपणाला जाऊन उभ्या होत्या. हसले मी.

हिला कळत नाही असंही म्हणवत नाही. निश शहरात आमचा कार्यक्रम झाला तेव्हा ‘तिसरी पाळी’ ऐकून हीच रडली होती. लोक उभे राहिले होते, आणि ही त्यांच्या मधे रुमाल तोंडात कोंबून.

५ ऑक्टोबर, शनिवार

आज चेदाशी भांडलेच. भांडले म्हणजे मी भांडले, तो वायरी गुंडाळत होता.

रेल्याचा ट्रॅक लावला. घरी काय वाजला होता, आणि इथे गोधडी! मी उठले, स्पीकरवर थाप मारली. "हे बघ, मेलंय हे. पोराने मेहनतीने झांजा बसवल्या, त्या खाल्ल्या याने."

"जुने झालेत खरे," चेदा म्हणाला.

"मग बदल! नाहीतर मी येत नाही."

तियाना म्हणाली, "चेदाकाका, मावशींना सांगा ना—" चेदाने तिच्याकडे पाहिलं. ती परत नखं बघायला लागली. काय सांगायचंय? पैसे नाहीत हेच ना? मला माहीत आहे पैसे नाहीत. मग म्हणाला, मेव्हण्याचे आणतो पुढच्या वेळी, तो लग्नांत वाजवतो, त्याचे नवे आहेत.

मधल्या भागाचं बोलायचं राहूनच गेलं.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

शिवणखान्यातली नवी पोरगी म्हणते, "कधीची हाका मारतेय तुम्हाला!" बारीक चिमणीच्या आवाजात बोलते, कोण ऐकणार! मोठ्याने बोल म्हटलं.

२ नोव्हेंबर, शनिवार

नवे स्पीकर होते. कोरे करकरीत, जाळीवर धुळीचा कणही नाही. चेदाने रेल्याचा ट्रॅक लावला.

गोधडी.

मी म्हटलं, परत लाव. परत लावला. ठेका आला, खर्ज आला. मी स्पीकरला कान चिकटवून उभी राहिले. "झांजा कुठे गेल्या?"

मग रेल्याकडे वळले. "हा तो नाही. मला पाठवलास तो वेगळा होता. कुठला आणलास हा?"

त्याचा चेहरा भाजल्या मिरचीसारखा झाला. "मावशी, हाच आहे तो."

"मला खोटं पाडतोस?"

"तुम्हाला पाठवतो तो वेगळा करतो मी." मान खाली. "तुमच्यासाठी वरचा आवाज खूप चढवतो. वसंतापासून. तुम्ही दर महिन्याला झांजा झांजा करायचात... एकदा चढवून पाठवला तर तुम्ही इतक्या खूश झालात. मग तसाच पाठवत गेलो."

"आणि आत्ता? आत्ता यात झांजा आहेत?"

"आहेत," तियाना म्हणाली. रडत होती ती. तिला काय झालं रडायला? "मावशी, पहिल्यापासून आहेत. चांगल्या आहेत."

मी कोट घेतला. चेदाचं आपलं एकच. वायर सोडवायची, गुंडाळायची, परत सोडवायची.

३ नोव्हेंबर, रविवार

किटलीची शिट्टी. आपण चहा विसरतो म्हणून पाणी आटतं असं वाटायचं मला.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

दवाखान्यात गेले. काचेच्या खोलीत बसवलं, कानावर टोप्या चढवल्या, हातात बटण दिलं. शिट्टी ऐकू आली की दाबा. दाबलं, दाबलं. मग काहीच नाही. बसून राहिले. वाटलं मशीन बिघडलं, इकडच्या दवाखान्यात काय नवल! दार उघडल्यावर विचारलं, "पुढचं कधी सुरू करणार?"

बाई म्हणाली, "झालं की सगळं."

डॉक्टर अगदी तरुण. खालचे आवाज शाबूत आहेत म्हणे, वरचे गेले. एका दिवसात नाही, कित्येक वर्षं जातायत. "गिरणीत होता का?" कागद न बघता विचारलं तिने. या गावात तिला दुसरं काय विचारावं लागत असेल.

परत येतील का विचारलं. नाही म्हणाली. बरं झालं, तिने तरी आडवळणाने सांगितलं नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

रेल्या आला. दार उघडलं नाही. पायरीवर बसून राहिला कॉफीचा पुडा मांडीवर घेऊन. समोरची म्हातारी खिडकीतून बघायला लागली तेव्हा आत घेतला.

"मावशी, शिव्या द्या."

"देणारच आहे. आधी कॉफी कर."

मग म्हटलं, खरा ट्रॅक लाव. लोक ऐकतात तो. डोळे मिटून ऐकला. वर काही नाही, आभाळ कापून नेल्यासारखं. पण खाली सगळं होतं. ठेका कसा पाऊल टाकतो, खर्ज कुठे श्वास घेतो, ते मला लख्ख ऐकू येत होतं. म्हटलं, "ठेका ठेव. मधला भाग काप. अर्धा काप. माणूस दारात आलाय आणि तू त्याला अंगणातच फिरवतोस."

"नाही कापणार."

"काय?"

"ते थांबणं मुद्दाम आहे, मावशी. तुम्हालाच घाई असते सगळीकडे!" आवाज चढला त्याचा. "तुमचे ट्रॅक पण असेच, सुरू झाला की धावत सुटतो!"

भांडलो आम्ही. कॉफी गार झाली. किती महिन्यांनी भांडलो! जाताना म्हणाला, "कापणार नाहीच." म्हटलं, "नको कापू, झोपतील लोक." पायरीवरून हसल्याचा आवाज आला. तो आला ऐकू.

तळघरात जाईन मी. झांजांचं बोलणार नाही. खालचं बोलेन, ते मला कळतं. आणि निश तर कुणी काढून घेत नाही माझ्याकडून. दिवाणखान्याएवढी जागा नव्हे, मोठं सभागृह होतं ते. लोक उभे राहिले होते, माझ्या मागांसाठी.

३० नोव्हेंबर, शनिवार

झागोर्का पिंपात खारवायला कोबी घेऊन आली. म्हणाली, "वन्सं, मन खट्टू करू नका. निशला वाजवलेलं ते लावा बघू." ‘तिसरी पाळी’ लावली. मी बनवली तशीच्या तशी, कॉम्प्युटरमधून. तिने कोबी टाकून कानावर हात दाबले. "हे नव्हतं हो! ते मऊ होतं."

निशला आवाज वर-खाली करायच्या बटणांच्या मशीनवर चेदा बसला होता.

त्याला पाठवलं ते इथे उतरवते: चेदा, निशला तू माझ्या ‘तिसऱ्या पाळी’चा वरचा आवाज खाली ओढलास. कधीपासून ओढतोस? लोक उभे राहिले ते माझ्यासाठी की तुझ्या बोटांसाठी? गोड बोलू नकोस, वायरी गुंडाळत बसू नकोस. त्यातलं माझं किती होतं ते सांग. शुक्रवारपर्यंत. नाही सांगितलंस तर शनिवारी तळघरात माझी खुर्ची मांडू नकोस.