मेथीच्या गोणपाटाखालची बाटली

बाबा, मेथीच्या जुड्या बांधून झाल्या की त्यांच्यावर तुम्ही ओलं गोणपाट टाकायचे, रिसोडच्या बाजारापर्यंत ताज्या राहाव्यात म्हणून. त्याच गोणपाटाखाली ओल्या वाळूच्या गाडग्यात एक लहानशी बाटली असायची. "फवारनीचं औषद हाय, हात लावशीन तं मरशीन," असं तुम्ही मला दटावलं होतं. फवारणीचं कोणतं औषध असं थंड ठेवावं लागतं, हे विचारायची अक्कल मला कधी आली नाही. तुमचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द, असंच मी वाढलो.

लग्नानंतर मूल होईना, तेव्हा सगळ्या तपासण्या माझ्या बायकोच्याच झाल्या. काढे तिनं प्यायले, उपास तिनं धरले. एक दिवस आठवतो. शेजारी बारसं आहे, ती नवी साडी नेसून दारात उभी, आणि तुम्ही ओसरीवरून मला म्हणता, "तिले नेऊ नको. तिथं तिचं काय काम हाय?" ती आत जाऊन साडी बदलते. मी वाफ्यांना पाणी देऊन आलेला, तांब्यावर तांब्या रिचवतोय, आणि तुम्ही माझ्याकडे टक लावून बघता. "मले काहून एवढी तहान लागून राह्यली?" मी विचारतो. "उन्हाची लागते," तुम्ही म्हणता आणि मान वळवता.

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. यंदा वाशिमच्या डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा माझी तपासणी केली. शुगर भलतीच वाढलेली. इन्सुलिनचं काम बिघडलं की पुरुषाचे हार्मोन घटू शकतात, शुक्राणू कमी होतात, मंदावतात, असं त्यांनी समजावलं. "घरात कुणाला शुगर?" मी छातीठोकपणे सांगितलं, कुणालाच नाही. घरी येऊन आईला हे सांगितलं, तर तिच्या हातातलं सूप खाली आलं. "तुह्या बाबाले होती. तुह्या येळेसही लई वर्सं पाळना हालला नाई. डाक्टरनं सुई चालू केली, मंग तू झाला. तुही सोयरीक मोडीन म्हनून मले शपथ घातली होती त्याईनं."

म्हणजे गोणपाटाखालची ती बाटली इन्सुलिनची होती, आणि माझी तहान तुम्ही ओळखली होती. तरी तिला दारातून परत फिरवलंत. दगा दिलात, बाबा. परक्यानं असं केलं असतं तर त्याच्या दारात जाऊन भांडलो असतो.

आता मीही सुई घेतो, भर ओसरीवर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर. शुगर ताब्यात राहिली तर फरक पडू शकतो, असं डॉक्टरबाई म्हणतात, खात्री मात्र देत नाहीत. दोष माझ्यात आहे, हे बायकोला मी त्याच दिवशी सांगितलं. तुम्हाला ठाऊक होतं, एवढं मात्र जिभेवर येत नाही. हा कागद तिच्या हाती लागू नये म्हणून आत्ताच चुलीत घालणार आहे. काल तुमच्या फोटोला हार घालताना ती म्हणाली, "मामंजी असते तं त्याईनं तुमाले कवाच दवाखान्यात नेलं असतं." मी "हो" म्हणालो.